भिलाई : अक्षरे तीन, चिन्हे पाच, बाइट पंधरा

‘भिलाई’ आणि ‘भिलार’ या दोन नावांचा कोठवर मेळ बसतो? पहिले पोलादाचे शहर, दुसरे महाबळेश्वराजवळचे पुस्तकांचे गाव. वाचणारा म्हणेल, पहिली दोन अक्षरे सारखी. युनिकोडनुसार मात्र भ, ऱ्हस्व वेलांटी, ल आणि काना अशी चार चिन्हे जुळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. तेथे तर चौदा बाइट जुळून फरक पंधराव्याच बाइटवर उमटतो. सी भाषेतील स्ट्र-एन-सीएमपी हे फंक्शन सांगितले तितकेच बाइट ताडते. चौदा सांगितले, तर ही दोन गावे एकच ठरतात.

दोष फंक्शनचा नाही. ते घडले तेव्हा एक अक्षर म्हणजे एक बाइट हे गृहीतच होते. भारतात १९९१ साली इस्की हे मानक आले. रेमिंग्टन टंकयंत्रावर वेलांटी आधी उमटवावी लागे. इस्कीने मात्र उच्चाराचा क्रम स्वीकारून ती व्यंजनामागे ठेवली. हा निर्णय फार दूरदृष्टीचा होता, कारण त्यामुळेच ‘भि’ने सुरू होणारे नाव ‘भ’खाली सापडते. इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच युनिकोडचा देवनागरी विभाग उभा राहिला.

खरी अडचण राज्याच्या नावात आहे. मराठीत आपण ‘छत्तीसगड’ लिहून मोकळे होतो. हिंदीत शेवटी नुक्ता असलेला ‘ढ़’ येतो. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो : एकसंध चिन्ह म्हणून, किंवा ‘ढ’ आणि नुक्ता अशा जोडीने. पडद्यावर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी. पहिले चोवीस बाइटांचे, दुसरे सत्तावीस. बावीस बाइट जुळतात, तेविसावा फुटतो, आणि यादीत असलेली नोंद शोधात सापडत नाही. पत्त्यावरून माणूस शोधणाऱ्या कार्यालयात ही क्षुल्लक बाब नव्हे.

यावर उपाय म्हणजे तुलनेपूर्वी दोन्ही रूपांचे नॉर्मलायझेशन. गंमत अशी, की एनएफसी हा प्रकार एरवी सुटी चिन्हे जोडतो, पण ‘ढ़’ला अपवाद करून तो फोडतोच. पायथन हे काम आपणहून करीत नाही. तेथे ‘भिलाई’ची लांबी पाच येते. २०१४ साली आलेली स्विफ्ट भाषा तीन मोजते आणि ‘छत्तीसगढ़’ची दोन्ही रूपे समान मानते.