घोट्याची सूज आणि औषधातली हिंसा



आमच्या घरात एका डबीत सासूबाईंची जोडवी आहेत. दोन्ही कापलेली. पंधरा वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात गावात आर्यिका माताजींचा संघ होता आणि आमच्याकडे चौका होता. पहाटे चारपासून ओल्या सोवळ्यात, थंड फरशीवर, अनवाणी. एका सकाळी सासूबाई उठल्या तर दोन्ही घोटे लिंबाएवढे फुगलेले. बोटं इतकी सुजली की जोडवी रुतली, शेवटी सोनाराला घरी बोलावून ती कापून घ्यावी लागली. पडगाहनाला मात्र त्या उभ्या राहिल्याच.

पुढचे दोन महिने निर्गुंडीच्या पाल्याचा शेक, एरंडेल आणि सुंठीचा काढा झाला. थोडं बरं वाटायचं, पण सकाळी उठल्यावर तासभर पाऊल टेकवेना. डॉक्टरांनी संधिवात सांगितला, गोळ्या लिहून दिल्या. सासूबाईंनी एकच विचारलं, "ह्यात काय आहे?" डॉक्टर हसले. "आजी, औषधात कसला धर्म शोधता?" म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत. घरी येऊन गोळ्यांची पट्टी माझ्या हातात दिली आणि पुन्हा मागितली नाही. त्या दोन वर्षांत उजवा घोटा कायमचा वाकडा झाला.

तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. पण "ह्यात काय आहे" हा प्रश्न हट्टाचा नाही, आपल्या परंपरेतला तो जुना प्रश्न आहे, हे मला नंतर कळलं.

नवव्या शतकात उग्रादित्याचार्य नावाचे दिगंबर मुनी होऊन गेले. त्यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. बारावं पूर्व प्राणावाय, त्यात आरोग्याचा विषय होता असं आपण पाठशाळेत ऐकलेलं असतं. उग्रादित्य स्वतःला त्याच परंपरेत मोजतात. ग्रंथात वातरोगांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. पण विशेष हे की मद्य, मांस आणि मध ही तीनही वर्ज्य ठेवून त्यांनी सगळी चिकित्सा सांगितली. त्या काळच्या वैद्यकात मांसरस आणि मध सर्रास असताना हे सोपं नव्हतं. ग्रंथाच्या शेवटी हिताहिताचा अध्याय आहे. औषध म्हणूनही मांस का घेऊ नये, याचा तो युक्तिवाद. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या दरबारात, वैद्यांच्या सभेत त्यांनी तो मांडला असं ग्रंथच सांगतो. हा ग्रंथ 1940 साली वर्धमान पार्श्वनाथ शास्त्रींच्या हिंदी अनुवादासह आपल्या सोलापुरातूनच छापला गेला. किती जणींच्या घरी आहे?

पायाचं दुखणं तर त्याहून जुनं. चरकाने वातरक्ताचं दुसरं नाव आढ्यवात दिलंय, म्हणजे सुखवस्तू माणसांचा वात. सुश्रुत म्हणतो, हा रोग बहुधा पायात मूळ धरतो आणि उंदराच्या विषासारखा अंगभर सरकत जातो. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "सुखवस्तू? मी?" आणि खूप दिवसांनी हसल्या.

आता गोळ्यांकडे येते. अ‍ॅस्पिरिनची कथा तशी निरुपद्रवी आहे. तिचं मूळ विलोच्या सालीत, म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या कुळात. 1763 मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने ही साल तापावर चालते असं कळवलं, 1876 मध्ये मॅक्लागन या डॉक्टरने सालीतलं सॅलिसिन सांधे सुजलेल्या रुग्णांना दिलं, 1897 मध्ये जर्मनीत बायर कंपनीत आजची गोळी घडली. झाड, मग रसायन. कोणाला हरकत नसावी.

अडचण स्टेरॉइडपाशी आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च नावाचे डॉक्टर होते. कावीळ झाली की काही रुग्णांचा संधिवात ओसरतो आणि गरोदरपणात बायकांचे सांधे मोकळे होतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. (हे आपल्या आज्यांनाही ठाऊक असणार, त्यांना कोणी विचारलं नाही इतकंच.) म्हणजे शरीरातच काहीतरी आहे जे ही सूज उतरवतं. 21 सप्टेंबर 1948 ला त्यांनी 29 वर्षांच्या एका बाईला कॉर्टिसोनचं पहिलं इंजेक्शन दिलं. जिला अंथरुणातून उठणं कठीण होतं ती आठवडाभरात चालत बाजारात गेली. 1950 मध्ये हेन्च आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं हे सगळं पाठोपाठ दिसू लागलं, पण ती पुढची गोष्ट.

मुद्दा असा की ते पहिलं कॉर्टिसोन कत्तलखान्यातल्या गुरांच्या पित्तापासून बनवलेलं होतं. सासूबाई 1948 साली त्या दवाखान्यात असत्या तर त्यांची शंका शंभर टक्के खरी ठरली असती!

मग गुरांचं पित्त पुरेना. मेक्सिकोच्या जंगलातल्या एका कंदापासून रसेल मार्कर यांनी अशाच जातीची संयुगं बनवण्याची वाट काढलेली होती, आणि 1952 मध्ये अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी भाकरीवर धरते त्या कुळातल्या बुरशीकडून त्यातलं सर्वात अवघड काम करून घेतलं. पंचेंद्रिय जीव सुटला, पण जागी कोण आलं? कंद आणि बुरशी! मला हसावं की रडावं कळेना. कंद म्हणजे अनंतकाय. तरी एकेंद्रिय आणि पंचेंद्रिय यांच्या घातात आपल्या शास्त्राने फरक केलेलाच आहे. शिवाय आपण कंद ताटात वाढून घेत नाही. अनेक रासायनिक पायऱ्यांनंतर उरलेला तो एक रेणू असतो. माझ्या मनाचं यावर समाधान झालं. तुमचं व्हावंच असं नाही.

हे सगळं मी वहीत उतरवून सासूबाईंपुढे वाचलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दुसऱ्या डॉक्टरांकडे नेशील?" त्या डॉक्टरीणबाईंनी न हसता ऐकलं. स्टेरॉइडची अगदी कमी गोळी सकाळच्या जेवणानंतर, म्हणजे रात्रिभोजन त्याग मोडला नाही. ती एकदम बंद करायची नाही हे दोनदा बजावलं. मुख्य औषध मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकच दिवस, आणि ठरलेल्या रक्ततपासण्या. चिठ्ठीवरचं हे नाव कर्करोगाचं म्हणून नणंद घाबरली. संधिवातासाठी अमेरिकेत त्याला 1988 मध्येच मान्यता मिळाली आहे आणि मात्रा खूप लहान असते. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून आमच्या कॅलेंडरवर रविवारी लाल टिकली असते.

आणि खरी फसगत कुठे आहे ते सांगते. डॉक्टरांच्या गोळीवर आपण संशय घेतो आणि शेजारणीने दिलेली 'सांध्यांची पावडर' बिनधास्त दुधात घालतो. ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून येतं, कॉन्ड्रॉइटिन गुरांच्या कूर्चेपासून, कोलॅजन गुरांच्या किंवा माशांच्या कातड्यापासून. कॅप्सूलचं बाहेरचं कवच जिलेटिनचं, तेही हाडा-कातड्याचं. आमच्याच घरात असा डबा तीन महिने चालला होता, आणि आणला होता मी. डब्यावरची हिरवी खूण बघा, आणि कॅप्सूल असेल तर गोळी मिळते का ते दुकानदाराला विचारा.

वाकडा झालेला घोटा सरळ झाला नाही, पण सूज उतरली. रुंद पंजाचे, चामडं नसलेले बूट केले आहेत. ते मंदिराच्या पायरीशी काढावे लागतात, म्हणून फक्त मंदिरासाठी धुऊन ठेवलेले जाड सुती मोजे पिशवीत असतात. अभिषेक होईपर्यंत त्या आता स्टुलावर बसतात. पहिल्या दिवशी फार संकोचल्या होत्या. पुढच्या रविवारी बघते तर शेजारी आणखी दोन स्टुलं.