सुरुंगाचा आवाज शेवटी होतो

निवडणुका आल्या की बातम्यांचे मथळे ठरलेले असतात. 'अमक्याच्या बालेकिल्ल्याला सुरुंग'. दोन-चार माजी सरपंच इकडून तिकडे गेले की झाला सुरुंग. पण मंडळी, या शब्दाचा मूळ अर्थ पाहिला तर आपण तो फार स्वस्तात वापरतो असं वाटतं.

इंग्रजीत एखादी गोष्ट कमकुवत करणे यासाठी 'अंडरमाइन' असा शब्द आहे. 'संस्था अंडरमाइन केल्या', 'कायदा अंडरमाइन केला' हे टीव्हीवरच्या चर्चेत रोज ऐकू येतं. त्याचा शब्दशः अर्थ खालून खणणे. आपल्या वणीकडच्या कोळशाच्या खाणीला 'माइन' म्हणतात, तोच हा शब्द. युरोपात किल्ल्याची भिंत समोरून फुटत नसली की तिच्या पायाखाली भुयार खणत. वरची भिंत खणणाऱ्यांवरच कोसळू नये म्हणून लाकडी टेकू लावत आणि शेवटी ते टेकू पेटवून देत. 1215 साली इंग्लंडच्या जॉन राजाने रोचेस्टरच्या किल्ल्याखाली असंच भुयार खणलं. आग जोरात भडकावी म्हणून त्याने चाळीस लठ्ठ डुकरं मागवली, चरबीसाठी! किल्ल्याचा एक कोपरा ढासळला.

पुढे टेकूची जागा दारूगोळ्याने घेतली. आपल्याकडचं ठळक उदाहरण चाकणचं. 1660 मध्ये शाहिस्तेखानाने संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्ला छोटा, भुईकोट. तरी फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळपास दोन महिने लढवला. तोफांनी काम होईना, तेव्हा मोगलांनी छावणीतून बुरुजाखालपर्यंत भुयार नेलं, दारू भरली आणि ऑगस्टमध्ये बुरूज उडवला. मग किल्ला पडला.

मराठीतला 'सुरुंग'ही फार लांबून आलाय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात भुयारासाठी 'सुरुंगा' शब्द आहे. तो ग्रीक 'सिरिंक्स', म्हणजे नळी, यावरून आला असं भाषेचे अभ्यासक मानतात. दवाखान्यातली सिरिंज त्याच घराण्यातली. म्हणजे सुरुंग हा मुळात स्फोट नाहीच, भुयार आहे. आवाज शेवटी होतो, काम आधीच झालेलं असतं.

याच कामाचा दुसरा इंग्रजी शब्द 'सॅप'. इटालियनमध्ये 'झाप्पा' म्हणजे कुदळ. तिच्यावरून किल्ल्याकडे चर खणत जाण्याला सॅप म्हणू लागले आणि खणणारा झाला सॅपर. पुण्यात खडकीला बॉम्बे सॅपर्स आहेत, त्यांचं नाव यातूनच आलं. झाडाच्या रसालाही इंग्रजीत सॅपच म्हणतात, पण तो शब्द मुळात वेगळा. आपल्या कापूसवाल्यांना मात्र दोन्ही सारखेच कळतील. मावा, तुडतुडे रस शोषतात ते पानावर दिसतं तरी. गुलाबी बोंडअळी खरी सॅपर! बारीक अळी बोंडात शिरते, शिरल्याचं छिद्र बुजून जातं, आत सरकी खाणं चालू. बाहेरून बोंड हिरवंगार. 2017 च्या हंगामात विदर्भाने हे भोगलंय. मराठीत याला नेमका शब्द आहे, पोखरणे.

आता मुद्द्यावर येतो.

महाराष्ट्रातली जिल्हा परिषद ज्या समितीच्या शिफारशीतून उभी राहिली, तिचे अध्यक्ष होते आपल्या जिल्ह्यातल्या पुसदचे वसंतराव नाईक. 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. 1993 मध्ये 73 व्या घटनादुरुस्तीने त्या पायात काँक्रीट भरलं. मुदत पाच वर्षांची आणि ती संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे, असं घटनेच्या 243-ई कलमात लिहिलंय.

मार्च 2022 मध्ये यवतमाळसह राज्यातल्या बऱ्याच जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणूक झाली नाही, प्रशासक बसले. आरक्षणाचा वाद, गटरचनेचा वाद, कोर्टातल्या तारखा. कारणं सगळी कागदोपत्री बरोबर. शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. तोवर तीन वर्षं उलटून गेली होती.

या काळात कोणी जिल्हा परिषद बंद केली का? नाही. इमारत तीच, पाटी तीच, शिक्के तेच. फक्त शाळेची गळती, दवाखान्यातलं रिकामं पद, पांदण रस्ता यावर सभागृहात उभं राहून अधिकाऱ्याला जाब विचारणारा आपण निवडलेला माणूस नव्हता. अधिकारी वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पण ते मतं मागायला आपल्या दारात येत नाहीत.

एक नेता पक्ष सोडतो, तो सुरुंग नाही. त्याचा आवाज पहिल्याच दिवशी होतो. खरा सुरुंग तो, ज्यात तीन वर्षं काहीच ऐकू येत नाही आणि लोकांना त्याची सवय होऊन जाते.

वेढ्यातले लोक भुयाराचा सुगावा लागावा म्हणून जमिनीवर पाण्याचं भांडं ठेवत. पाणी थरथरलं की खाली कुदळ चालू आहे हे कळायचं. आपल्या गावात ते भांडं म्हणजे ग्रामसभा. पुढच्या ग्रामसभेला किती जण जाणार, सांगा बरं.