कडी लावलेले नाणे

धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे ‘पेरिप्लस’मधले तगर. येथले कापड भडोचच्या बंदराकडे जाई आणि त्या बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी उतरत. तेरच्या उत्खननात या नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या आहेत. दोरा ओवता यावा म्हणून त्यांना भोक किंवा कडी असे. रोमच्या सम्राटाने जे व्यवहारासाठी पाडले, ते येथे गळ्यात गेले! ज्याला खरे परवडले नाही त्याने मातीचे घातले असावे, असे मला वाटते.

पुढे व्हेनिसच्या डुकाटचेही तेच झाले. त्यावरच्या आकृत्यांवरून ‘पुतळी’ हे नाव पडले असे मानतात. तुळजाभवानीच्या अलंकारांतली १०१ मोहरांची माळ शिवाजी महाराजांनी वाहिली, अशी परंपरा आहे. देवीला आणि सुनेला घालायचा दागिना एकच.

सप्टेंबर १९४८ पर्यंत येथला माणूस निजामाची रयत होता. त्याचा रुपया हाली, चारमिनारच्या छापाचा. शेजारच्या सोलापुरात इंग्रजांचा कलदार. सात हालींना सहा कलदार असा साधारण भाव. राज्ये दोन, चलने दोन. पण सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या कुणबिणी पुतळ्याच घालत. नळदुर्गकडच्या तांड्यांवरची लमाण बाई आणि विजापूरकडची लमाण बाई, दोघींच्या कपड्यांवर नाणी सारखीच शिवलेली. उलट एकाच गावात, एकाच निजामाच्या राज्यात, पेढीवाल्या सावकाराला पडून राहिलेला पैसा खपत नसे. लक्ष्मीपूजनाला तो चोपडी पुजी, शेतकरीण डबा उघडून दागिने मांडी.

अर्थशास्त्राची पुस्तके या डब्यातल्या पैशाला निष्क्रिय म्हणतात. मला ते पटत नाही. जमीन नवऱ्याच्या नावावर आणि पाऊस कोणाच्याच हातात नाही, अशा मुलखात बाईचे स्वतःचे खाते तेवढेच होते, आणि त्याला सही लागत नव्हती. दुष्काळात ती माळ सावकाराकडे गहाण पडे. पैशाच्या दोन रीतींची गाठ पडे ती तिथे. सुटली तर सुटली.

१९५० च्या दशकात हाली चलनातून गेला. कडी लावलेले चारमिनार मात्र डब्यांत राहिले. सोनार त्यांना राणीछापापेक्षा कमी मोल देतो. निजामाशी त्याचे वैर नाही. त्या रुपयात चांदीच कमी.