११ डॉलर २२ सेंट : ओझे, गिअर आणि इंधनाचा इतिहास

१/
१९३१. महामंदीने ग्रासलेली अमेरिका. न्यूयॉर्कहून निघालेला एक ट्रक लॉस एंजेलिसला पोहोचला, तेव्हा इंधनाचा एकूण खर्च झाला होता अवघा ११ डॉलर २२ सेंट. ट्रकवर खुद्द इंजिनाचे निर्माते होते : क्लेसी कमिन्स. अवजड ओझे आणि इंधनाची काटकसर यांचा मेळ कसा बसत गेला, त्याचा हा थ्रेड.

२/
कमिन्स यांची कंपनी १९१९ साली इंडियाना राज्यातील कोलंबस येथे स्थापन झाली. पहिले दशक नफ्याविना गेले. बँकर विल्यम आयर्विन यांच्या पैशावर ती तग धरून होती. डिझेल इंजिन जहाजांचे आणि कारखान्यांचे, रस्त्याचे नव्हे, हा समज मोडणे कंपनीच्या अस्तित्वासाठी आवश्यक होते.

३/
काटकसरीचे मूळ डिझेलच्या रचनेतच आहे. येथे ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. अधिक दाब, म्हणून प्रत्येक थेंबातून अधिक काम. शिवाय पेट्रोल इंजिनाप्रमाणे हवेची वाट अडवणारी झडपही नसते.

४/
मात्र हाच गुण त्या प्रवासात जिवावर बेतला. पेट्रोल इंजिनाची झडप मिटली की इंजिनच गाडीला रोखून धरते. डिझेलमध्ये तो रोध नगण्य. कॅलिफोर्नियातील कहोन खिंडीच्या उतारावर ब्रेक निकामी झाले. पुढे रेल्वे फाटक, त्यावरून जाणारी मालगाडी. ट्रक थोडक्यात वाचला. कमिन्स यांनी पुढे इंजिनालाच ब्रेक बनवणारी यंत्रणा घडवली. १९६१ पासून ती ‘जेक ब्रेक’ म्हणून रूढ झाली.

५/
आता ताकद. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली टर्बोचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवायचे आणि इंजिनात जादा हवा कोंबायची, ही कल्पना. १९५४ साली व्होल्वोच्या टायटन ट्रकची ताकद टर्बोमुळे १५० वरून १८५ अश्वशक्तीवर गेली.

६/
पण नुसती ताकद पुरत नाही. ओझे हलवताना चाकांना जोर हवा, म्हणजे खालचा गिअर. सपाट रस्त्यावर इंजिन संथ फिरावे, म्हणजे घर्षण कमी आणि इंधनाची बचत. एकाच एक्सलकडून दोन्ही अपेक्षा पुरवायच्या तर वर ‘ओव्हरड्राइव्ह’ लागतो : यात मुख्य दांडा इंजिनापेक्षा वेगाने फिरतो.

७/
१९८९ साली डॉजच्या पिकअपमध्ये ५.९ लिटरचे टर्बो डिझेल कमिन्स इंजिन आले. अश्वशक्ती केवळ १६०; पण ४०० पाउंड-फूट टॉर्क, तोही मिनिटाला सुमारे १,७०० फेऱ्यांना. पाच गिअरच्या मॅन्युअलला ओव्हरड्राइव्ह होता, म्हणून ओढण्यास सोयीचा ३.५४ चा एक्सल देता आला. तीन गिअरच्या ऑटोमॅटिकला तो नव्हता. इंजिन संथ राखण्यासाठी ३.०७ चा एक्सल पत्करावा लागला. इंजिन तेच, तरी ओढण्याची सोय वेगळी.

८/
याच कंपनीच्या भागीदारीतून १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली. या साऱ्या इतिहासाचे सार एवढेच : ओढणे आणि वाचवणे यांत मुळात वैर नाही. वैर आहे ते इंजिन अकारण पळवण्याशी. आणि चढ चढवणाऱ्या प्रत्येक सुधारणेला उताराचा हिशेबही द्यावा लागतो.