बेळगावकरांचं बेंगळूर : लॉज, मिलिटरी हॉटेल आणि आपलं कुलूप

मुंबईच्या खाणावळींबद्दल आपल्याकडे भरपूर बोललं जातं. आज आम्हा बेळगावच्या लोकांच्या दुसऱ्या मोठ्या शहराबद्दल लिहितो.

आमच्या वडिलांच्या पिढीचं सगळं काम मुंबईत. हायकोर्ट तिथं, सचिवालय तिथं. गिरगावात कुठं उतरायचं, कुणाकडे आमटी बरी मिळते, हे घरोघरी पाठ. १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका वगळून आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि कोर्टकचेरीची वाट उलट्या दिशेला वळली. सीमाप्रश्नावर रग्गड छापून आलंय. पण फाईल घेऊन निघालेल्या माणसानं पाचशे किलोमीटरवरच्या गावात, भाषा येत नसताना, रात्री पाठ कुठं टेकायची, हे कुणी लिहीत नाही. ती माहिती तोंडीच फिरायची. ऑफिसात डब्याच्या सुट्टीत, नाहीतर बसची वाट बघत स्टँडवर.

मी सत्तरच्या दशकात बँकेत लागलो आणि ट्रेनिंगला बेंगळूरची फेरी ठरलेलीच. निघताना हेडक्लार्क म्हणाले, "हे बघा, कंडक्टरला मॅजेस्टिक म्हणून सांगायचं. आणि कुलूप आपलं न्यायचं, लॉजच्या कुलपाला चार किल्ल्या असतात." मॅजेस्टिक हे मुळात एका थिएटरचं नाव, पुढं सगळ्या भागालाच चिकटलं. तिथला बसस्टँड धर्मांबुधी नावाच्या तलावाच्या जागेवर उभा आहे. आमच्या एका सहकाऱ्याला हे कळल्यावर तो पावसाळ्यात तळमजल्यावरची खोली घेईनासा झाला!

लॉज सगळे गांधीनगर, कॉटनपेट, चिक्कपेट भागात. गरम पाणी सकाळी ६ ते ८, तेही बादलीनं. लग्नसराईत अख्खा लॉज वऱ्हाडानं भरलेला, मग कॉमन हॉलमध्ये खाट. एकदा मला मिळालेल्या खोलीची खिडकी थेट थिएटरच्या भिंतीला लागून होती. चार रात्री शेवटचा खेळ कानावर. डोळ्यांनी न बघता तो कन्नड सिनेमा मला पाठ झाला. पाचव्या दिवशी ट्रेनिंगमध्ये त्यातलं एक वाक्य फेकलं, तर शेजारचा मंड्याचा गडी खूश होऊन मला जेवायला घेऊन गेला. पुस्तकातून कन्नड शिकण्यापेक्षा हे सोपं पडलं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

जेवणाचं मात्र सुरुवातीला अवघड. चपातीची सवय असलेल्या माणसापुढं भाताचा डोंगर. विद्यार्थी भवनचा डोसा (१९४३ पासून गांधी बझारात) किंवा एम.टी.आर.चा रवा इडली हे रविवारचे लाड. रवा इडली दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई पडली म्हणून निघाली, हे तिथंच कळलं. दोघांत एक कॉफी घ्यायची तर "बाय टू" म्हणायचं. भत्त्यावर जगणाऱ्याला हा शब्द फार मोलाचा.

आणि मिलिटरी हॉटेल! पाटी वाचून आम्हाला वाटायचं, आत जवानांनाच प्रवेश. मिलिटरी म्हणजे मटण मिळतं, एवढाच अर्थ. यातली कैक हॉटेलं मराठा घराण्यांची. शिवाजी मिलिटरी हॉटेल तर १९३५ सालचं. विजापूरच्या फौजेनं १६३८ मध्ये बेंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. १६८७ नंतर म्हैसूरच्या वडेयरांकडे गेलं, तरी मराठी घरं राहिलीच. आम्ही १९५६ नंतर नाइलाजानं गेलो, ही माणसं त्याच्या तीनशे वर्षं आधीपासून तिथं!

जून १९८६ मध्ये बेळगावात कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं होतं, तेव्हा मी बँकेच्या कामाला तिथंच होतो. एका लॉजच्या रजिस्टरात गाव लिहिल्याबरोबर मॅनेजरनं वही मिटली, "रूम इल्ल." बॅग घेऊन जवळच्या मिलिटरी हॉटेलात बसलो. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्यानं माझं कन्नड ऐकलं आणि विचारलं, "बेळगावचे काय तुमी?" मराठी त्याचं होतं, पण कन्नड हेलाचं, अर्धे शब्द मला न कळणारे. त्यानं पोरगा बरोबर देऊन बाळेपेटेतल्या एका लॉजवर पाठवलं. तिथं कन्नड मालकानं रजिस्टर पुढं केलं, गाव वाचलं आणि एवढंच म्हणाला, "पाणी सहाला येतं, लवकर उठा."

पुढं निवृत्तीपर्यंत मी तिथंच उतरलो. कुलूप आपलंच.