इंदूरच्या गल्ल्या आणि गेडीससाहेब

नगररचना म्हणजे कागदावर पट्टी ठेवून सरळ रस्ते आखायचे, अशी पुष्कळांची समजूत असते. पण कागदावर रेघ ओढली की जमिनीवर कुणाचं तरी घर तिच्याखाली येतं. त्या घराचं काय करायचं, हा खरा प्रश्न.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सरकारने शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले, हवा-उजेड आला, हे खरं. पण ज्यांची बिऱ्हाडं मोडली, त्यांतली कितीतरी माणसं जवळपासच्या चाळींतच दाटीवाटीने शिरली. एकीकडची गर्दी दुसरीकडे गेली.

हा दोष पॅट्रिक गेडीस यांनी ओळखला. हे स्कॉटलंडचे गृहस्थ मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. फांदी आडवी आली म्हणून माळी झाड उपटत नाही, नडेल तेवढंच छाटतो. गेडीस शहराकडे तसंच पाहत. आधी गल्ल्यागल्ल्यांतून पायी हिंडायचं. कोणतं घर धड आहे, कोणतं मोडकळीला आलंय, देऊळ कुठे, विहीर कुठे, हे डोळ्यांनी बघायचं. मग पडीक घरं तेवढी काढायची, त्या जागी मोकळं अंगण ठेवायचं, एखादं झाड लावायचं. रस्ता थोडा वाकला तरी चालेल, पण चांगलं घर पडता कामा नये. खर्चही कमी आणि लोकही बेघर होत नाहीत.

होळकरांच्या इंदुरात त्यांना हे काम मिळालं. तिथेही प्लेगची धास्ती होतीच. दिवाळीच्या सुमारास त्यांनी जाहीर केलं, की यंदाची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या गल्ल्या स्वच्छ असतील, तिथूनच जाईल! झालं, लोकांनी आपणहून घरं झाडली, कचरा काढला, भिंती रंगवल्या. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती. हुकुमाने जे होत नव्हतं, ते हौसेने झालं. १९१८ मध्ये त्यांनी इंदूरचा अहवाल दोन खंडांत दरबारला सादर केला.

यातून आपण काय घ्यावं? गावठाणाची आखणी असो की शाळेपुढचा रस्ता, आधी लोक कुठून चालतात ते पाहावं. गुरुजनांनी मुलांना बरोबर घेऊन गावात हिंडावं, वाटा, पाणवठे, मोडकी घरं कागदावर उतरवावीत. असा नकाशा हाताशी असला, म्हणजे बाहेरून आलेल्या आराखड्यात कुठे बदल मागायचा, हे गावाला ठामपणे सांगता येतं.