हेल्मेट आले, पण मेंदूचे काय?

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलहून वेगळा. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे आणि पळणाऱ्याला झेपावून पाडायचे. १९०५च्या हंगामात या खेळात १८ मृत्यू झाल्याचे वृत्तपत्रांत आले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लक्ष घातले, नियम बदलले. पुढे कठीण प्लॅस्टिकचे हेल्मेट आले. मग मुले निर्धास्तपणे डोकेच पुढे करून धडकू लागली! १९६८ साली मैदानावरील आघातांनी ३६ खेळाडू दगावले. १९७६ मध्ये डोक्याने धडकण्यावर बंदी आली आणि १९९० साली असा एकही मृत्यू झाला नाही.

प्रश्न सुटला का? नाही. हेल्मेट कवटीला जपते. पण धडकेसरशी आतला मेंदू हलतो, त्याला कोण आवरणार? २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात १३ वर्षांचा एक मुलगा डोक्याला मार लागूनही त्याच सामन्यात पुन्हा उतरला आणि कायमचा अधू झाला. २००९ साली तेथे कायदा झाला : शंका येताच मुलाला बाहेर काढा, वैद्यकीय परवानगीशिवाय परत उतरवू नका.

पण शंका घ्यायची कोणी? मुलगा 'मी बरा आहे' म्हणतो, प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो. म्हणून तेथील अनेक शाळांत 'अ‍ॅथलेटिक ट्रेनर' असतो. तो खेळ शिकवत नाही. दुखापत ओळखतो, प्रथमोपचार करतो. या मंडळींची राष्ट्रीय संघटना १९५० सालची.

कबड्डीत मूल डोक्यावर आपटले, तर आपल्या मैदानावर 'थांब' म्हणणारे कोण आहे? बहुधा आपणच.